पूर्ण उतरू दे, मग चार्जिंगला लाव

मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या बोहरी आळीत कॉर्डलेस ड्रिल घेणाऱ्याला बिलाबरोबर एक सल्ला फुकट मिळतो. ‘बॅटरी पूर्ण उतरू द्या, मगच चार्जिंगला लावा. मध्येच लावलीत तर लवकर जाते.’ दुकानदार हे अगदी मनापासून सांगतो, कारण त्यालाही ते कुणा जुन्या मिस्त्रीने मनापासूनच सांगितलेले असते. घरी आल्यावर शेजारचे काका त्याला दुजोरा देतात. अडचण एवढीच, की ज्या बॅटरीसाठी हा सल्ला होता ती आता त्या खोक्यात नसते. ती होती त्या काळातही तो अर्धाच खरा होता, आणि आजच्या बॅटरीला तर तो बाधतो.

चार्जिंग न धरणाऱ्या बॅटरीवर घरोघरी चालणारे उपाय ठरलेले आहेत. रात्रभर चार्जरवर ठेवणे, ट्रिगरला रबरबँड गुंडाळून तळापर्यंत उतरवणे, फ्रीजमध्ये ठेवणे, गाडीच्या बॅटरीचा झटका देणे. यातला एकही उपाय कुणी हवेतून काढलेला नाही. प्रत्येकाला एक काळ आहे आणि त्या काळचे एक रसायन आहे. गेल्या साठ वर्षांत रसायन बदलत गेले, उपाय मात्र तोंडोतोंडी जसेच्या तसे पुढे आले. म्हणून आज एखादे ड्रिल का बंद पडले हे समजून घ्यायला थोडे मागे जावे लागते.

भोक पाडण्याचे काम सुतार शतकानुशतके सामत्याने आणि गिरमिटाने करत आला. त्याला वीज जोडली ती जर्मनीत. श्टुटगार्टच्या फाइन कंपनीने १८९५ मध्ये हातात धरता येईल असे विजेचे ड्रिल बनवले. बाल्टिमोरच्या ब्लॅक अँड डेकर कंपनीने १९१७ मध्ये पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाखाली येणारा ट्रिगर यांचे पेटंट मिळवले, आणि ड्रिलला आजचे रूप आले. दुसऱ्या महायुद्धात कारखान्यातले कामगार ही ड्रिल घरी नेतात, काही तर परतही आणत नाहीत, हे कंपनीच्या ध्यानात आले. चोरीवर नजर ठेवण्याऐवजी तिने १९४६ मध्ये घरगुती वापराची स्वस्त ड्रिल बाजारात आणली. धंद्याची जाण म्हणतात ती ही.

राहिली होती ती वायर. बांधकामावर वीज नसे, शिडीवर चढलेल्याच्या पायात वायर अडके, ओल्या जागी धक्क्याची भीती. १९६१ मध्ये ब्लॅक अँड डेकरने वायरशिवाय चालणारे ड्रिल विकायला काढले. आत निकेल-कॅडमियमचे सेल होते. जोर बेताचाच, वायरच्या ड्रिलपुढे ते खेळणेच वाटावे असा. पण ते चालत होते, आणि पुन्हा चार्ज होत होते.

ते चालले याचे श्रेय खरे तर युरोपातल्या दोन माणसांकडे जाते. स्वीडनच्या वाल्डेमार युंगनरने निकेल-कॅडमियम सेल १८९९ मध्येच बनवला होता. तो उघडा सेल होता: चार्ज होताना वायू सोडणारा, अधूनमधून पाणी मागणारा. असले प्रकरण हातातल्या यंत्रात, तेही उलटे-तिरपे धरायच्या यंत्रात, ठेवणे शक्य नव्हते. १९४७ मध्ये गेऑर्ग नॉयमानने सेल पूर्ण बंद करून दाखवला. त्यातली युक्ती ध्यानात ठेवण्यासारखी आहे, कारण घरातल्या निम्म्या तक्रारी तिच्यापाशीच उगम पावतात. सेलमध्ये कॅडमियमची बाजू मुद्दाम मोठी ठेवायची. मग निकेलची बाजू आधी भरते आणि ऑक्सिजन सोडू लागते. तो ऑक्सिजन बाहेर न पडता कॅडमियमकडे जातो आणि तिथे जिरतो. दाब वाढत नाही, सेल फुटत नाही. पण जिरताना त्याची उष्णता होते. म्हणजे सेल भरल्यावरही चार्जर चालू राहिला तर पुढची सगळी वीज निव्वळ उष्णता होऊन बाहेर येते.

जुने मेकॅनिक चार्जिंगला लावलेल्या पॅकवर हाताचा पंजा ठेवून पाहत, ते याचसाठी. पॅक कोमट लागला की तो भरला. गरम लागला म्हणजे केव्हाच भरलाय आणि आता भाजतोय.

इथे एका दंतकथेचा निकाल लावलेला बरा. कॉर्डलेस हत्यारांचा शोध नासाने लावला असे पुस्तकांतून, भाषणांतून सर्रास सांगितले जाते. नासाने स्वतःच ते नाकारले आहे. तारखाही तेच सांगतात: १९६१ मध्ये ड्रिल बाजारात होते, अपोलो यान त्यानंतर दहा वर्षांनी चंद्रावर ड्रिल घेऊन गेले. त्या चांद्र ड्रिलचे काम मार्टिन मारिएटा कंपनीकडे होते आणि त्याचे यंत्र ब्लॅक अँड डेकरने केले, एवढे मात्र खरे. कमीत कमी विजेत जास्तीत जास्त काम कसे काढायचे याचा जो अभ्यास तिथे झाला तो पुढे घरगुती वस्तूंच्या कामी आला. १९७९ मध्ये आलेला ‘डस्टबस्टर’ हा हातातला व्हॅक्यूम क्लीनर त्यातूनच निघाला.

जुलै १९७१ अखेर अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटने हे ड्रिल चंद्रावर चालवले. चंद्राच्या पोटातली उष्णता मोजायला सुमारे तीन-तीन मीटर खोल दोन भोके हवी होती. पहिले दीड मीटरच्या थोडे पुढे जाऊन अडकले, दुसरे एका मीटरच्या आसपास. मातीचा नमुना घेणारी सुमारे २.४ मीटर लांबीची नळी खाली गेली, पण वर येईना. स्कॉट आणि जेम्स अर्विन यांनी अक्षरशः खांदे लावून ती उपसली. ड्रिलमध्ये चांदी-जस्ताची बॅटरी होती आणि तिने आपले काम चोख केले होते. दोष होता दांड्यांच्या सांध्यांत. कापलेली माती वर आणणारे दांड्यांवरचे पन्हाळे सांध्यापाशी बुजत होते, त्यामुळे माती तिथेच घट्ट बसे. पुढच्या मोहिमेसाठी दांडे सुधारले. त्या वेळी भोक नीट पडले, पण जॉन यंगचा पाय उष्णता मोजणाऱ्या उपकरणाच्या केबलमध्ये अडकून ती तुटली आणि प्रयोग वाया गेला. शेवटी डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ ने ते काम तडीस नेले.

पृथ्वीवरही हेच होते. ड्रिल थांबले की सगळ्यांचे बोट आधी बॅटरीकडे जाते. प्रत्यक्षात कार्बन ब्रश झिजलेले असतात, ट्रिगरचा स्विच धुळीने बसलेला असतो, किंवा पॅक जिथे सरकतो तिथली पितळी पाती काळी पडलेली असतात. दुसरा भरलेला पॅक लावून पाहणे ही सगळ्यात जुनी आणि अजूनही सगळ्यात भरवशाची परीक्षा. दुसऱ्या पॅकवरही ड्रिल कुरकुरले तर बॅटरीची सुटका.

१९७० नंतर या धंद्यात जपान जोरात उतरला. नागोयात १९१५ मध्ये विजेच्या मोटरींची विक्री आणि दुरुस्ती करत सुरू झालेल्या माकिताने १९६९ मध्ये चार्जिंगचे ड्रिल आणले, १९७८ मध्ये ‘६०१०डी’ हे निकेल-कॅडमियमवरचे मॉडेल काढले, आणि पुढच्या दशकात जगभरच्या सुतारांच्या पेटीत कॉर्डलेस ड्रिल दिसू लागले. एका निकेल-कॅडमियम सेलचा विजेचा दाब १.२ व्होल्ट. ७.२ व्होल्टला सहा सेल, १२ ला दहा, १८ ला पंधरा. हे सेल एकामागोमाग एक जोडलेले, माळेसारखे. व्होल्ट वाढवायचे म्हणजे सेल वाढवायचे, आणि सेल वाढले की त्यातला एखादा नरम निघण्याची शक्यताही वाढते.

‘मेमरी’ हा शब्द याच काळात घरोघरी पोचला. त्याचा उगम अंतराळातला. पृथ्वीजवळून फिरणारा उपग्रह दर दीड तासाला एक प्रदक्षिणा घालतो. प्रत्येक फेरीत तो काही काळ सावलीत जातो आणि बॅटरीवर चालतो, मग उन्हात येऊन चार्ज होतो. घड्याळाच्या काट्यावर, दर वेळी नेमकी तेवढीच वीज खर्च करून. अशा शेकडो फेऱ्यांनंतर त्या निकेल-कॅडमियम सेलचा दाब नेहमीच्या मर्यादेच्या पलीकडे ढासळतो असे दिसले. जणू तेवढेच काम आपल्याला करायचे आहे हे सेलच्या अंगवळणी पडले. सेल एकदा पूर्ण उतरवून पुन्हा भरला की दोष जाई. निरीक्षण खरेच होते. पण कोणता सुतार रोज, सेकंदाचाही फरक न करता, तितकेच स्क्रू पिळतो? उपग्रहासारखे शिस्तीचे आयुष्य कुठल्याही ड्रिलच्या वाट्याला येत नाही.

लोकांना जे दिसत होते ते बहुतांशी वेगळेच दुखणे होते आणि त्याचे मूळ चार्जरमध्ये होते. स्वस्त ड्रिलबरोबर मिळणारा चार्जर म्हणजे एक छोटा ट्रान्सफॉर्मर आणि डायोड. पॅक भरला की थांबायचे हे त्याला कळतच नसे. माहितीपत्रकात ‘तीन ते पाच तास’ असे लिहिलेले असे, आणि माणूस रविवारी लावलेला पॅक बुधवारी काढी. मधले तीन दिवस सेल आतल्या आत भाजत राही. असा सतत जादा चार्ज होणारा सेल लवकर दाब टाकतो. ड्रिल पाच मिनिटांत मान टाकी आणि मालक म्हणे, ‘मेमरी आली.’ गुन्हा चार्जरचा, नाव मेमरीचे. चांगल्या चार्जरना मात्र भरलेला सेल ओळखता येऊ लागला होता. निकेल-कॅडमियमचा दाब पूर्ण भरल्यावर किंचित खाली घसरतो; ती घसरण किंवा वाढते तापमान हेरून चार्जर स्वतः बंद होई. एका तासात पॅक भरणारे चार्जर शक्य झाले ते यामुळेच. घरगुती वापराच्या स्वस्त संचात हे क्वचितच असे.

मेमरी घालवण्यासाठी निघाला रबरबँडचा उपाय. ट्रिगर दाबून बांधायचा आणि ड्रिल फिरायचे थांबेपर्यंत सोडून द्यायचे. एकट्या सेलला यातून फारसा अपाय नाही. पण पॅकमध्ये पंधरा सेल माळेत असतात आणि पंधराही सारखे नसतात. सगळ्यात नरम सेल आधी रिकामा होतो. बाकीचे चौदा अजून भरलेले असतात, ते त्याच्यातून प्रवाह ढकलतच राहतात आणि तो उलटा चार्ज होऊ लागतो. आत वायू होतो, झडप उघडते, पाणी जाते. पुढच्या वेळी तो आणखी लवकर रिकामा होतो. म्हणजे आजाऱ्याला बरे करायला निघालेला उपाय नेमक्या आजाऱ्याचाच जीव घेई.

त्या काळचा एखादा मेलेला १८ व्होल्टचा पॅक उघडून पाहिला तर हा सगळा इतिहास समोर दिसतो. चार स्क्रू काढले की प्लॅस्टिकचे कवच सुटते. आत कागदी किंवा प्लॅस्टिकच्या वेष्टनातले पंधरा जाडजूड सेल, निकेलच्या पातळ पट्ट्यांनी एकमेकांना जोडलेले. त्यातल्या एक-दोघांच्या टोकाशी पांढरी भुकटी जमलेली असते. सेलमधले पोटॅशियम हायड्रॉक्साइड झडपेवाटे बाहेर आले, हवेतला कार्बन डायऑक्साइड त्याला लागला आणि त्याचे कार्बोनेट झाले, ते हे. मल्टिमीटर लावला की चांगला सेल १.२ ते १.३ दाखवतो, मेलेला शून्य, आणि उलटलेला चक्क वजा चिन्ह.

शून्य दाखवणाऱ्या सेलसाठी होता झटका. वापरात नसलेल्या सेलमध्ये कॅडमियमचे केसासारखे तंतू वाढतात आणि मधला पडदा भेदून पलीकडे टेकतात. सेल आतून शॉर्ट होतो. गाडीच्या बॅटरीला दोन वायरी लावून क्षणभर त्या सेलला टेकवल्या की जोराच्या प्रवाहाने तो तंतू जळतो आणि सेल पुन्हा चार्जिंग धरतो. वेल्डिंग मशीन वापरणारे बहाद्दरही होते. उपाय लागू पडे, हे मान्यच करायला हवे. पडद्याला पडलेले भोक मात्र तसेच राही, काही आठवड्यांत नवा तंतू तिथूनच वाढे. आणि झटका देताना सेल फुटून अल्कली डोळ्यात उडण्याचा धोका असे तो वेगळाच.

फ्रीजचा उपायही अगदी खुळा नव्हता. निकेल-कॅडमियम सेल नुसता पडून राहिला तरी हळूहळू उतरतो आणि थंडीत हे उतरणे मंदावते. दिवाळीला आकाशकंदिलाचा हूक आणि उन्हाळ्यात कूलरची खिडकी, असा वर्षातून दोनदा ड्रिल काढणाऱ्या घरात पॅक हटकून रिकामाच सापडे. पण एक होते: रिकामा राहून निकेल-कॅडमियम मरत नसे. महिनोन्‌महिने तळाला पडलेला पॅक चार्जरवर ठेवला की बहुधा उठून बसे. हा त्याचा मोठा गुण, आणि तो गेल्यावरच लोकांना कळला.

मग तो का गेला? कॅडमियम विषारी आहे. जपानच्या तोयामा भागात जिंझू नदीच्या काठी कामिओका खाणीतून आलेल्या कॅडमियमने लोकांची हाडे ठिसूळ केली. रोगी वेदनेने विव्हळत, म्हणून रोगाचे नाव पडले ‘इताई-इताई’, दुखतंय-दुखतंय. १९६८ मध्ये जपान सरकारने त्याचे कारण अधिकृतपणे मान्य केले. युरोपीय संघाने २००६ च्या निर्देशाने घरगुती बॅटऱ्यांतून कॅडमियम हद्दपार केले, पण कॉर्डलेस हत्यारांना सवलत ठेवली. ती २०१६ च्या अखेरीस संपली. मधल्या काळात निकेल-मेटल हायड्राइड येऊन गेले, माकिताने ते १९९७ मध्ये आणले. जास्त काळ चाले, पण उष्णता आणि जादा चार्जिंग सोसण्यात कॅडमियमहून नाजूक होते. हत्यारांच्या दुनियेत त्याचा मुक्काम थोडकाच ठरला.

लिथियम-आयनची कथा अधिक रंगतदार आहे. स्टॅन्ली व्हिटिंगहॅम, जॉन गुडइनफ आणि अकिरा योशिनो यांना ज्या कामासाठी २०१९ चे नोबेल मिळाले, त्यातून सोनीने १९९१ मध्ये पहिले व्यापारी लिथियम-आयन सेल विकायला काढले. ते कॅमेऱ्याला, पुढे लॅपटॉपला पुरेसे होते. ड्रिलला नव्हते. भिंतीत बिट अडकला की ड्रिल क्षणात कितीतरी अँपिअर ओढते. कोबाल्टचे ते सेल एवढ्या मागणीने तापत आणि तापल्यावर भरवशाचे राहत नसत. बॉशने २००३ मध्ये ‘इक्सो’ हा मुठीएवढा स्क्रूड्रायव्हर लिथियमवर काढला, पण त्यात सेल एकच, ३.६ व्होल्टचा. खरी उडी २००५ मध्ये मारली अमेरिकेच्या मिलवॉकी कंपनीने, २८ व्होल्टची ‘व्ही२८’ हत्यारे आणून.

त्यातले सेल होते मोली कंपनीचे, आणि या कंपनीचा पूर्वेतिहास मोठा बोलका आहे. कॅनडातल्या मोली एनर्जीने १९८०च्या दशकात धातुरूप लिथियमचे सेल विकले होते. जपानमध्ये मोबाइल फोनमधल्या त्या सेलनी पेट घेतला, १९८९ मध्ये माल परत घ्यावा लागला आणि कंपनी बुडाली. ती आधी जपानी, मग तैवानी हातात गेली. आग लागून बदनाम झालेल्या त्याच कारखान्याने पुढे कोबाल्टऐवजी मॅंगनीज वापरून, जोराचा प्रवाह देऊनही शांत राहणारा सेल बनवला. ते मॅंगनीजचे रसायन ऑक्सफर्डमध्ये गुडइनफ यांच्याबरोबर मायकेल थॅकरे यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तपासले होते. मिलवॉकीच्या पाठोपाठ २००५ मध्येच माकिताचेही १८ व्होल्टचे लिथियम आले. पंधरा सेलचे काम पाच सेल करू लागले आणि पॅक बराच हलका झाला.

या पाच सेलवरून बाजारात जी आकड्यांची गंमत चालते ती सांगायलाच हवी. लिथियम सेलचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट, पाच गुणिले ३.६ म्हणजे १८. नुकत्याच चार्ज झालेल्या सेलचे बिनभाराचे चार-चार व्होल्ट धरले की तोच पॅक ‘२० व्होल्ट मॅक्स’. काठोकाठ भरलेल्या सेलचे ४.२ धरले की ‘२१ व्होल्ट’. पाचही सेल तेच. आपल्याकडच्या बाजारात मिळणाऱ्या बिननावाच्या ड्रिलवर तर ‘४८ व्हीएफ’, ‘८८ व्हीएफ’ असले आकडे छापलेले असतात आणि आत मोजून पाच सेल निघतात. त्यावर रागवावे की हसावे हे ज्याचे त्याने ठरवावे.

लिथियमने जुने सगळे नियम उलटे केले. मेमरी नाही, तेव्हा अर्ध्यावर चार्जिंगला लावले तरी काही बिघडत नाही. उलट वरवर चार्ज करत राहिलेलेच त्याला मानवते. पडून राहायचे तर निम्मे भरलेले आणि थंडाव्यात. आणि रिकामे पडून राहणे हा त्याचा मृत्यू. हत्यारातले सर्किट सेल तीन व्होल्टच्या खाली जाऊ लागला की वीज तोडते. ‘अजून जोर होता आणि एकदम बंद पडले’ ही तक्रार म्हणजे दोष नसून राखण आहे. पण त्या अवस्थेत पॅक माळ्यावर गेला, तर सेल स्वतः थोडे उतरतात, पॅकमधला सर्किट बोर्डही वीज पितो, आणि सहा महिन्यांनी काढलेल्या पॅकला चार्जर हातच लावत नाही. नुसता लाल दिवा लुकलुकतो. ‘पूर्ण उतरू दे’ हा सल्ला पाळणाऱ्यांच्या घरी हे हमखास घडते.

हा लुकलुकणारा दिवा दोन वेगळ्या गोष्टी सांगू शकतो आणि लोक त्यांची गल्लत करतात. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात भर दुपारी गच्चीवर काम करून तापलेला पॅक चार्जरवर ठेवला, तर चार्जर आतल्या तापमानमापकाकडे बघून थांबतो. लिथियम साधारण ४५ अंशांपर्यंतच चार्ज करावे असा दंडक आहे. पॅक सावलीत अर्धा तास ठेवला की तक्रार संपते. त्याला फ्रीजरमध्ये घालण्याची मात्र गरज नाही. दव धरले की बोर्ड गंजतो. गार पॅकवरही दिवा तसाच राहिला तर दुखणे आत आहे.

कवच उघडल्यावर दिसणारे चित्र बहुतेक वेळा असे असते. पहिला सेल ३.९ व्होल्ट, दुसरा ३.९, तिसरा ३.९, चौथा ३.९, पाचवा १.४. बेरीज सतरा. बाहेरून मल्टिमीटर लावणाऱ्याला पॅक ठणठणीत वाटतो आणि तो चार्जरला शिव्या देतो. चार्जर किंवा बोर्ड मात्र त्या पाचव्याकडे बघून नकार देत असतो. स्वस्त पॅकमध्ये सेल एकसारखे राखण्याची सोय नसते, आणि काहींमध्ये बोर्ड आपली वीज एकाच सेलमधून घेतो, म्हणून तोच आधी बसतो.

इथे जुना झटका नव्या रूपात अवतरला आहे. एक भरलेला पॅक घ्यायचा, अधिकाला अधिक आणि वजाला वजा वायरने जोडायचे, मिनिटभर थांबायचे; दाब थोडा वर आला की चार्जर पॅक स्वीकारतो. सेल अडीच व्होल्टच्या आसपास असतील तर हे जमते. पण दीडच्या खाली बराच काळ राहिलेल्या सेलमध्ये ऋण बाजूचा तांब्याचा पत्रा विरघळतो, आणि चार्ज करताना ते तांबे नको तिथे जमून आतून शॉर्ट करते. निकेल-कॅडमियमच्या झटक्यात फार तर अल्कली उडे. इथे आग लागते, तीही कधी कधी तासाभराने, जेव्हा पॅकजवळ कुणी नसते. जाणता दुरुस्तीवाला असा सेल जिवंत करायच्या भानगडीत पडत नाही.

टाकलेल्या पॅकचे काय करायचे याला भारतात फार काळ नियमच नव्हता. २००१ चे बॅटरी नियम शिशाच्या बॅटऱ्यांपुरते होते. कॅडमियमचे पॅक सरळ भंगारात जात. २४ ऑगस्ट २०२२ रोजी निघालेल्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी सगळी रसायने कक्षेत घेतली आणि जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली. घरातला मेलेला पॅक नेमका कुठे द्यायचा हे मात्र गिऱ्हाईकाला दुकानात विचारूनही क्वचितच समजते.

म्हणून पॅक जातो दुरुस्तीवाल्याकडे. पुण्याच्या तापकीर गल्लीत, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे सेल मिळतात, बहुतेक ‘१८६५०’ जातीचे: १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. आकार एक असला तरी जात एक नसते. लॅपटॉपमधून काढलेला सेल ड्रिलमध्ये घातला तर तो पहिल्याच अडकलेल्या बिटला तापतो. हत्याराला वीस-तीस अँपिअर झेपणारा सेल लागतो. पट्ट्या जोडायच्या त्या स्पॉट वेल्डिंगने, सोल्डरच्या उष्णतेने सेल आतून दुखावतो. एवढे सगळे नीट करूनही काही पॅक चार्ज होत नाहीत. त्यांच्या बोर्डाने जुन्या सेलच्या वेळचा बिघाड स्वतःमध्ये कायमचा नोंदवून ठेवलेला असतो, आणि नवे सेल आले तरी तो ती नोंद सोडत नाही. ठेचा खाल्लेला कारागीर म्हणून सेल घेतानाच त्या मॉडेलचा नवा बोर्डही मागून घेतो.